हळदीच्या मांडवातली पाहुणी

कुंभारीत घरामागच्या परसात मी दुर्बिणीला कॅमेरा जोडून देवयानी दीर्घिकेचा फोटो घेत होतो. पण शेजारच्या हळदीच्या मांडवातल्या हॅलोजनने आभाळ पांढरं केलं होतं. भिंतीवरून तो बंद करायची विनंती केली, तशी पिवळ्या हातांची एक पाहुणी मावशी बघायला आली. लॅपटॉपवर धूसर भोवरा उमटत होता.

"हा उजेड तिथून निघाला तेव्हा माणूसही नव्हता," मी म्हणालो.

"एवढ्या लांबनं आलाय, आन् आमी त्येच्या तोंडावर दिवा धरलाय व्हय?" ती भिंतीकडे वळून ओरडली, "लाईट बंद करा रं! नवरीला हिकडं आणा. हळद कुटं पळून जातीय?"

सगळा मांडव परसात लोटला, पुढे पिवळीजर्द नवरी. कुणाचा तरी दुर्बिणीच्या तिपाईला धक्का लागला. तो हललेला फोटोच मी घरात भिंतीवर लावलाय.