शेजारचं बोट

शिवणकाम करणारी आमची मावशी म्हणजे तोफ. काच लागून तिच्या मनगटातली नस तुटली आणि बोटं बधिर झाली. डॉक्टरांनी तुटलेल्या टोकांमध्ये एक मऊ नळी बसवली. तिच्यातून नस वाढत जाणार आणि नळी आपोआप विरघळून जाणार.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, रोज चहानंतर तिला डोळे मिटायला लावून एकेक बोट दाबायचे. "सांग, कुठलं?"

"आधी दाबा तर!" मावशी खेकसायची. दाबलेलं बोट काका मुकाट्याने सोडून द्यायचे.

कित्येक महिन्यांनी त्यांनी मधलं बोट दाबलं, तशी ती ओरडली, "अंगठ्याजवळचं!"

काकांचा चेहरा उतरला. "त्याच्या शेजारचं गं."

"नस वाट चुकली असेल, शिकेल हळूहळू. पण आज दाबलंत तरी!"

"रोजच दाबत होतो," काका म्हणाले.