डोळे पाहून वाढलेलं ताट

सातवीतून शाळा सुटली, पण काविळीचं पथ्य मला तोंडपाठ होतं. तेल नाही, तूप नाही, हळद नाही. ज्वारीची पातळ आंबील, मूठभर मुरमुरे. माझं माहेर पार बुलडाण्याकडं, तिथं हेच. इथं तेलंगणात, उटनूरला आमचं म्हणायला कोणी नाही. लेकीचे डोळे पिवळे दिसले तेव्हा शेजारच्या मावशींनीही हेच सांगितलं. तिच्या गळ्यात झाडपाल्याच्या मुळ्यांची माळ त्यांनीच घातली. "माळ लांबत गेली म्हंजे कावीळ उतरून राह्यली समज." माळ बेंबीपर्यंत आली. डोळ्यांतलं पिवळं उतरलं नाही.

दोन वर्षं रोज सकाळी मी लेकीला दारातल्या उजेडात उभी करायची आणि पापणी खाली ओढायची. पांढरं दिसलं तर पोळी, पिवळं दिसलं तर आंबील. तेरावं लागलं तरी अकराव्या वर्षीचा फ्रॉक तिला ढिलाच.

शेवटी सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई मराठी निघाल्या, जिवात जीव आला. त्यांनी दोनदा रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. मग कागद ठेवून माझ्याकडंच पाहत राहिल्या.

"आज जेवल्या नाही का तुम्ही?"

"सोमवार आहे. पोरीसाठीच धरला."

त्यांनी माझी पापणी ओढली, हातात आरसा दिला. माझेही डोळे पिवळे.

"हे घराण्यातून येतं, ताई. तिचं लिव्हर चांगलं आहे, रक्त चांगलं आहे. जन्मभर अधूनमधून पिवळं दिसेल, त्यानं काही बिघडत नाही. तापात वाढतं, उपाशी राहिलं की वाढतं. हिला खायला काय देता?"

मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, एवढे त्यांचे उपकार. "औषध नाही लागत. पोटभर जेवू घाला," एवढंच म्हणाल्या.

मावशींना सांगितलं तर त्या हसल्या, "अवं, मंग माळ काऊन लांबली?" मला हसू आलं नाही. पथ्य कसलं, मी माझ्याच हातानं वाढलेली उपासमार होती ती.

दुसऱ्या दिवशी वरणाला तेलाची फोडणी दिली, गरम पोळी वाढली. पोरगी ताटावर बसेना. दारात जाऊन उभी राहिली, आपल्याच बोटानं पापणी खाली ओढून.

"बस बाई, जेव."

"आधी पाह्य ना, आई. पिवळे असले तर नको मले."