तात्यांचं नाक आणि धुराची व्हिस्की

केजच्या स्टँडवर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत काचेचे तीन ग्लास, व्हिस्कीच्या दोन बाटल्या आणि तात्यांसाठी घेतलेल्या नारळाच्या वड्या होत्या. बाटल्या जुन्या साडीत गुंडाळल्या होत्या. सोबत एवढंच सामान आणि वयाची साठी जवळ आलेली बाई, त्यामुळे कुणी संशय घेईल असं वाटलं नव्हतं.

व्हिस्की पारखणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. हे ऐकून नातेवाईक आधी हसतात आणि मग आवाज बारीक करून 'रोज?' असं विचारतात. रोज, पण बहुतेक थुंकून टाकावी लागते, असं सांगितलं की त्यांचा रस संपतो. या धंद्याची मुळाक्षरं मला ज्यांनी गिरवायला लावली, त्यांनी मात्र आयुष्यात दारूचा थेंब जिभेवर ठेवलेला नाही. तात्या इथल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या आसवनीत (मळीपासून स्पिरिट काढतात तो विभाग) केमिस्ट होते आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेतली पहिली मुलगी. स्पिरिटचे चार थेंब तळहातावर चोळायचे, ते उडून गेले की मागे कसला वास उरतो ते सांगायचं. चुकलं की दुपारचा चहा बंद.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "सुनंदा, लई धुराच्या वासाची एखादी चीज असंल तुझ्याकडं, ती घिऊन ये. आन तशीच, पण धूर नसलेली बी एक आण." कशाला, असं विचारलं तर म्हणाले, आल्यावर सांगतो.

धुराची म्हटल्यावर मला विचार करावा लागला नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या एका बेटावरची सिंगल माल्ट (नुसत्या जवाची व्हिस्की) तेव्हा माझ्या टेबलावरच होती. एका स्पर्धेसाठी तिच्यावर निकाल द्यायचा होता. बाकीच्या परीक्षकांनी धूर फार झाला म्हणून तिला खाली ढकललं होतं. मला ती जीव लावावा इतकी आवडली होती, पण का आवडली ते कागदावर उतरत नव्हतं. कारणाचा रकाना कोरा ठेवून मी निघाले होते.

स्टँडबाहेर वडापची (सीटमागे भाडं घेणारी) जीप मिळाली. मी मधल्या सीटवर, पिशवी मांडीवर. दोन-तीन मैल गेलो असू, तोच ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, खाली उतरून बॉनेट उघडलं आणि वायरी हुंगायला लागला. कुठेतरी जळायलंय, असं त्याचं म्हणणं. मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्यालाही जळकट वास येत होता. उन्हाने बेटावरच्या बाटलीचं बूच सैल झालेलं आणि साडी ओली, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मला हसू आवरेना.

"बाई, कावून हसायल्यात?" ड्रायव्हरने विचारलं.

पिशवीतलं औषध सांडलंय, म्हणून मी वेळ मारून नेली. म्हाताऱ्याने पिशवीवर नाक धरून, दवाखान्याचाच वास हाय, असा निर्वाळा दिला आणि जीप सुरू झाली. त्याला मी मनातल्या मनात परीक्षक मंडळात घेऊन टाकलं. या व्हिस्कीत आयोडीनचा वास येतो, हे ओळखायला आमच्यातल्या काहींना वर्षं लागली होती.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडली होती. बांधावर बाभळी तेवढ्या हिरव्या. वाटेत कारखाना लागला. गाळपाच्या दिवसांत इथे दोन कोसांवरून मळीचा आंबूस वास यायचा. आता ऊसच नव्हता, त्यामुळे धुराडं नुसतं उभं होतं. मी खिडकीतून बराच वेळ नाक वर करून बसले. धुळीशिवाय कसलाही वास आला नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

तात्या अंगणातच बसले होते. वाळले होते, पण धोतर पांढरंशुभ्र. जेवायला बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची). जेवण झाल्यावर तात्यांच्या पत्नीने, काकूंनी, ताटं राखेने घासली आणि तांब्याभर पाण्यात विसळली. गावाला टँकर एका दिवसाआड येत होता.

मग तात्यांनी सांगितलं. कारखाना सोडल्यापासून ते गावच्या दूध संस्थेत वास घेण्याचं काम करतात. सकाळी कॅन आला की झाकण उघडायचं, झाकणाची आतली बाजू नाकाशी न्यायची, आणि 'घ्या' किंवा 'परत' एवढंच म्हणायचं. यंत्र फॅट मोजतं, पण दूध नासायच्या वाटेवर आहे का ते तात्याच ओळखतात. गावात पीक नाही, ऊस नाही. दूध तेवढं चालू आहे. महिन्यापूर्वी तात्यांना ताप येऊन गेला. त्यानंतर अनुसया नावाच्या बाईच्या कॅनला त्यांना दोनदा धुराचा वास आला. दोनदा परत पाठवला. दोनदा परत गेला की सभा होईपर्यंत त्या घरचं दूध घ्यायचं नाही, असा संस्थेचा नियम. बाकी कुणालाच धूर आला नाही. लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याचं नाक गेलं. तालुक्याच्या डॉक्टरांनीही सांगितलं की तापानंतर काहींना नसलेल्या धुराचा वास येतो.

"उद्या दुपारी सभा हाय," तात्या म्हणाले. "नाक गेलं आसंल तर मी उठून सांगतो आन घरी बसतो. पण त्या बाईचं दूध मी उगंच बंद केलं का, ते मला आधी कळाया पायजे."

सकाळी चहाच्या आधी आम्ही बसलो. ग्लास धुवायला मी पाणी मागितलं, तर काकूंनी एक तांब्या दिला. त्यातच तिन्ही ग्लास धुतले आणि ते पाणी काकूंनी गाईच्या बादलीत ओतलं. पुण्यात मी एका ग्लासमागे नळ सोडून ठेवते. मला लाज वाटली.

तात्यांच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं. एका ग्लासात बिनधुराची माल्ट, दुसऱ्यात टँकरचं पाणी, तिसऱ्यात बेटावरची. काकू ग्लासांच्या जागा बदलत होत्या.

पहिल्या ग्लासाशी तात्या थोडंच थांबले. भिजलेलं धान्य, लाकूड, गुळाच्या ढेपेचा तळ. धूर न्हाई. दुसऱ्याला म्हणाले, टँकर. तिसरा नाकाशी नेला आणि ते सरळ बसले.

मग सावकाश म्हणाले, "धूर. शेणीचा न्हाई, लाकडाचा बी न्हाई. ओली माती जळाल्यागत. मंग दवाखान्याची पट्टी. मीठ. आन लई खाली गोड हाय, जवाच्या पेजेवानी."

ती पेज सापडायला मला तीन दिवस लागले होते. आम्ही ग्लास बदलून आणखी दोन फेऱ्या केल्या. पाण्यात त्यांना एकदाही धूर आला नाही. मी बेटावरचीचा ग्लास उचलला, दोन थेंब पाणी टाकलं आणि घोट घेतला. सकाळी सकाळी, काकूंच्या देखत, आणि थुंकले नाही. आधी धूर घसा धरतो, मग तो बाजूला होतो आणि मागून धान्याचा गोडवा येतो, तो जाता जात नाही. इतक्या धुरात ते धान्य कुणीतरी सांभाळून ठेवलंय, याचं मला पुन्हा नवल वाटलं.

काकूंनी विचारलं, माती कशी जळंल. मी सांगितलं, त्या बेटावर पाऊसच पाऊस, जमीन कायम चिखल, आणि त्यात गवत-शेवाळ शतकानुशतकं कुजून साचलेलं. झाडं नाहीत, म्हणून लाकूड नाही. ते लोक तो चिखल कापतात, वाळवतात आणि त्याच्या धुरावर जव सुकवतात. काकू गाईच्या बादलीकडे बघत म्हणाल्या, "इतकं पाणी हाय व्हय कुठं."

तात्यांचं नाक शाबूत होतं. मी खुशीत वड्यांचा पुडा उघडला, पण त्यांनी उपरणं सोडलं ते चेहरा पाडूनच. "म्हंजी दुधात धूर हुता. मंग त्यो आला कुठनं, ते मी बघितलंच न्हाई," ते म्हणाले आणि चपला घालून निघाले. मीही मागोमाग.

अनुसयाबाईंचं घर गावाच्या टोकाला. घरची माणसं ऊस तोडायला लांब गेली होती. त्या दोन गाईंपाशी राहिल्या होत्या. आम्हाला पाहून त्या उठल्या आणि परसदाराची वाट अडवून उभ्या राहिल्या. पण धूर दिसत होता. फुटक्या घमेल्यात शेणी आणि कडुलिंबाचा पाला धुमसत होता आणि वर तीन विटांवर दुधाचा कॅन पालथा घातलेला होता.

गाईंना पाजून कॅनसाठी जेमतेम तांब्याभर पाणी उरायचं. मग त्या कॅन राखेने घासायच्या, तेवढ्या पाण्याने विसळायच्या आणि धुरी द्यायच्या. त्यांची आजी दुधाच्या मडक्याला अशीच धुरी द्यायची. दूध दुपारपर्यंत टिकायचं. तात्यांनी विचारलं, हे आधी का सांगितलं नाही.

"पाण्यावाचून कॅन धूत न्हाई, आसं कुणाला सांगू, तात्या?"

तात्यांनी कॅन उचलून तोंडाशी नेला आणि आत खोल श्वास घेतला. मीही घेतला. धूर होता. त्याखाली आंबट, कुजकट काही नव्हतं. कॅन स्वच्छ होता.

सभा दूध संकलन केंद्राच्या पत्र्याखाली भरली. तात्या उभे राहिले. म्हणाले, धूर होता, नाकाने खोटं सांगितलं नाही. पण धूर आला तेवढ्यावर मी दूध वाईट ठरवलं, खाली काय आहे ते हुंगलं नाही आणि धूर कुठून आला ते बघायला गेलो नाही. कारखान्यात असताना असं चुकलं की मी पोरांचा चहा बंद करायचो. आता माझं काम बंद करायचं तर करा.

मग बायकांच्या बाजूने अनुसयाबाई उठल्या. पदर नीट करत म्हणाल्या, "समद्यांनी सांगितलं वास न्हाई. मला ठावं हुतं, हाय. एकट्या तात्यांनी खरं सांगितलं. त्येंलाच ऱ्हाऊ द्या."

तात्यांचं काम काढायचा विषय पुढे निघालाच नाही. संस्थेने जादा टँकर मागवायचा, केंद्रावर उकळत्या पाण्याची टाकी ठेवायची आणि सगळ्यांचे कॅन तिथेच धुऊन द्यायचे, असं ठरलं.

दुसऱ्या सकाळी माझी जीप यायच्या आधी मी केंद्रावर गेले. अनुसयाबाईंचा कॅन आला. तात्यांनी झाकण नाकाशी धरलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. "घ्या," म्हणाले आणि पुढच्या कॅनकडे वळले. अनुसयाबाई रिकामा कॅन घेऊन टाकीच्या रांगेत उभ्या राहिल्या.

पुण्याला परतल्यावर मी तांब्याभर पाण्यात ग्लास धुतला. बेटावरची बाटली काढली आणि आधी बुचाची आतली बाजू नाकाशी नेली. स्पर्धेचा कागद समोर ओढला. धुराला दोष म्हणायचं की गुण, असा रकाना होता. दोष नाही, असं लिहिलं. आणि इतके दिवस कोऱ्या राहिलेल्या कारणाच्या रकान्यात लिहिलं: हाताशी जे होतं, त्यावर धान्य राखलं.