झिलेचा सूर

शालिग्रामच्या भीतीची सुरुवात कुकरपासून झाली. सुरतेत, डिंडोलीतल्या खोलीत तो संबळ पुसत बसला होता. रंजना दारातच कपड्यांच्या घड्या घालत होती. तेवढ्यात धनश्री क्लासवरून आली आणि बापावरच ओरडली, "पप्पा, सात सीट्या व्हई ग्यात! खालपर्यंत ऐकू ई राह्यन्यात. तुमले ऐकू नही उनं का?"

"ध्यान नव्हतं," असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली. पण तो कुकरपासून चार हातांवर होता आणि त्याला एकही शिट्टी ऐकू आली नव्हती.

एकतीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, काढल्यावर दुसरं काय होणार? तिथं शंभर लूम एकदम धडधडतात. माणसं ओठ हलवून आणि बोटं नाचवून बोलतात. शालिग्राम आणि रंजना दोघंही त्यात तरबेज. बॉबिन भरायला ती बावीस वर्षं त्याच खात्यात होती. लग्नानंतरची त्यांची निम्मी भांडणं आवाजाशिवायच झाली, असं शेजारी गमतीनं म्हणत.

खात्यातल्या कामाला कान लागत नाहीत. संबळाला लागतात. संबळाची लहान बाजू म्हणजे झील. तिचा बारीक, उंच सूर बरोबर लागला नाही तर सगळं वाजवणं फुकट. मोठ्या बाजूचा घुमारा शालिग्रामला छातीत कळायचा, झील मात्र त्याच्यासाठी मुकी झाली होती.

सुरतेतल्या वादकांची दर महिन्याला बैठक भरे. गुजराती ढोलवाले, खानदेशी संबळवाले, ढोलकीवाले एकत्र येत, जोड्या जुळवत, कामं ठरवत. मागच्या बैठकीत, कोसाडला, ढोलकीवाल्या लोटूनं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "काका, झील उतरी गयी तुमनी." शालिग्राम हसला, पण चोराच्या मनात चांदणं. रात्रभर त्याला झोप आली नाही. यंदा कानबाईच्या मिरवणुकीला सगळ्यांचं मिळून एकच पथक निघणार होतं, आणि देवीपुढे संबळ कोणाचा ते या बैठकीत ठरणार होतं. शालिग्रामच्या आजापासून ती जागा त्यांच्या घराची. ती गेली तर त्याच्याजवळ खात्यातल्या पगाराशिवाय काय उरणार होतं?

शेवटी त्यानं रंजनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी शे ना. बायास्मा बससू. सूर लागना की पदर डोकावर लिसू." त्याचा जीव भांड्यात पडला. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात दोन कान धड असले म्हणजे पुरे, असं त्यानं स्वतःला समजावलं.

रविवारी डिंडोलीच्या वाडीत बैठक भरली. बैठकीचे म्होरके मगनभाई, म्हातारे ढोलवाले, हात वर करून म्हणाले, "पहेला सूर मेळवो, पछी वगाडो. शालिग्रामभाई, तमे." आधी सूर जुळवायचा, मग वाजवायचं, हा बैठकीचा नियम.

शालिग्रामनं झिलेवर काठी मारली आणि समोर बघितलं. बायकांच्या रांगेत रंजना पदराचं टोक धरून बसली होती. पदर वर गेला नाही. त्यानं दोरी आवळली, पुन्हा काठी मारली. पदर तिथंच. आणखी आवळली. कातडं बोटाखाली दगडासारखं ताठ झालं होतं. एवढं ताणलेलं त्यानं आयुष्यात कधी ठेवलं नव्हतं. तरी त्याचा विश्वास स्वतःच्या बोटांवर नव्हता, त्या पदरावर होता.

त्यानं आणखी एक पीळ दिला आणि जोरात काठी हाणली.

लोटूनं तोंड वाकडं केलं. मगनभाई दचकून मागं सरले. रंजनाच्या डाव्या हाताच्या बाईनं कानात बोटं घातली, उजवीकडच्या मालतीबाईंनी मांडीवरच्या नातवाचे कान दाबले. पोर भोकाड पसरून रडत होतं, हे शालिग्रामला त्याच्या उघड्या तोंडावरून कळलं.

रंजना तेवढी हलली नव्हती. पुढं झुकून, डोळे ताणून ती त्याच्या काठीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर तीच भीती होती, जी तो चार महिने आरशात बघत होता. त्याला कुकर आठवला, आणि दारात घड्या घालणारी रंजना आठवली.

मग खात्यात बोलायची तशी ती नुसते ओठ हलवून बोलली, "जरा जोरमा वाजाडा ना."