जास्वंदीवरचे पांढरे किडे

पासष्टीनंतर लेखणी हाती घ्यावी आणि तीही एका किड्यासाठी, याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. यवतमाळच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून मी आयुष्यभर इतरांची पुस्तके लावली. स्वतः एक पान लिहिले नाही. आताही लिहिलेच पाहिजे असे नाही. परंतु घरात जे बोलवत नाही, ते कुठेतरी उतरवावेसे वाटते.

आमच्या परसात जास्वंदीची चार झाडे आणि थोडी वांगी आहेत. परस पत्नीचे. तिचा धाकटा भाऊ केळापूरकडे कापूस पिकवतो. काही वर्षांपूर्वी फवारणी करताना त्याला विषबाधा झाली. तो वाचला, पण नजर अधू झाली ती झालीच. परसात विषाचा थेंब पडू द्यायचा नाही, हे पत्नीने तेव्हाच ठरवले. शेजारी हसत. ती ऐकून घेई आणि वांगी त्यांच्याच घरी पाठवी.

यंदा जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला; झाडाचा रस शोषणारा पांढरा किडा. पत्नीचे गुडघे दुखतात, म्हणून काम माझ्याकडे आले: रोज सकाळी ओल्या फडक्याने फांद्या पुसायच्या, पांढरे दिसेल ते चिरडायचे. बहुतेक किडे बारीक, पिठात लोळल्यासारखे. काही मात्र मोठे, लोकरीच्या झुबक्यासारखे. मोठे तेच अधिक घातक असणार, असे मी गृहीत धरले आणि आधी ते टिपू लागलो.

"पुस्तकावरची धूळ पुसल्यावानी काय पुसता? जोर लावा," पत्नी मागच्या पायरीवरून म्हणे.

महिनाभर जोर लावला. पिठ्या वाढतच गेला आणि वांग्यांवर उतरला. कळ्या न उमलताच गळू लागल्या. एका सकाळी ती बराच वेळ झाडापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "शेजारच्या भाऊंले पंप घेऊन बोलवा."

मी पुन्हा विचारले नाही. खरे सांगायचे तर, पुसण्यातून सुटलो म्हणून मला बरे वाटले. फवारणी संपेपर्यंत ती आत दार लावून बसली होती.

चार दिवसांनी तिचा भाऊ डोळे तपासायला गावात आला. आम्ही दोघे परसात उभे होतो. भिंतीआडची एक फांदी फवाऱ्यातून सुटली होती. सवयीने मी तिकडे फडके नेले. त्याने माझा हात धरला.

"भाऊजी, याले काहून मारून राह्यले?"

"पिठ्या आहे."

त्याने फांदी अगदी नाकाशी नेली. "पिठ्या असा पळते का? हे ढालकिड्याचं पिल्लू होय. पिठ्या खाऊन जगते. शेतीशाळेत दाखवलं होतं आमाले."

मी वाकून पाहिले. लोकरीचा झुबका खरोखरच धावत होता. एका ढेकणाला गाठून तो तिथेच थांबला, आणि खाऊ लागला.

"महिनाभर मी आधी हेच मारले," मी म्हणालो.

तो हसला. "मंग पिठ्यानं तुमाले शाल-श्रीफळ द्याले पाह्यजे. इतकी सेवा कोणी केली नसन त्याची." मग बहिणीबद्दल हळूच विचारले, "बाईले माहीत आहे?"

मी नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात पत्नी चहा घेऊन आली.

"मारलं रे मीनं औषध," ती भावाला म्हणाली. "नाही जमलं बिनाऔषधाचं. तुह्यापाशी उगाच फुशारकी मारत होती इतके वर्ष."

भावाने माझ्याकडे पाहिले. मी कपात पाहत राहिलो. चहा निवला, भाऊ गेला.

त्यानंतर ती परसात फारशी जात नाही. झाडे काढून फरशी टाकून घेऊ, धुवायला सोपे, असे म्हणते. गवंडी पुढच्या आठवड्यात येणार आहे. तिची रीत चुकली नव्हती, माझा हात चुकला, एवढे एक वाक्य आहे. ते ऐकल्यावर तिची झाडे कदाचित राहतील. पण घरात विष आले ते माझ्यामुळे, हेही तिला कळेल. रोज जेवताना मी ते वाक्य जुळवतो आणि ताट उचलून उठतो. फार थकायला होते.

माझ्या जागी तुम्ही असता, तर तिला हे सांगितले असते का?