नानाची मुदत ठेव

आपण बँकेत ठेवलेला पैसा दिवसभर कुठे जातो? मी बँकेतल्या मॅडमला विचारलं, मॅनेजरला विचारलं, दवाखान्यात डॉक्टरलासुद्धा विचारलं. कुणी सांगितलं नाही. खरं तर हा प्रश्न माझ्या मोठ्या भावाचा, नानाचा. तो होळीआधी गेला. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर आम्ही दोघं कामाला. मी चौथी शिकलो, तो सातवी. त्याचे किस्से ओल्या मिरचीसारखे एकमेकांना चिकटलेत. एक उचलला की चार येतात!

नाना दुपारी लाल मिरच्यांच्या मधोमध आडवा पडून आभाळ बघत राहायचा. देठ खुडणारी सखूमाय ओरडायची, "नाना, ऊठ! तूबी वाळी जाशी!"

"मी नही माय, आभाय ओलं शे. तेले वाळाडी ऱ्हायनू!"

त्याच संध्याकाळी, ऐन थंडीत, पाऊस आला. अर्धी पथारी काळी पडली.

का आला? नानानं मोबाईलवर ऐकलं होतं. लोकांच्या ठेवींतून बँका कोळशाच्या खाणींना मोठी कर्जं देतात. कोळसा जळतो, त्याचा धूर उष्णता धरून ठेवतो, पावसाचं वेळापत्रक बिघडतं. नानाचीही एक मुदत ठेव होती. त्यानं काळी पडलेली एक मिरची उचलली. मग म्हणाला, "म्हंजे बापू, मन्हाच पैसा मन्ही मिरची भिजाडस!"

दुसऱ्या दिवशी बँकेत. "मॅडम, मन्हा पैसा कोयसामा जास का?"

"काका, तुमचे पैसे सेफ आहेत."

"पैसा सेफ शे. मी शे का?"

मॅनेजर हसले. पर्यावरण सप्ताह चालू होता, त्यांनी नानाला लिंबाचं रोप दिलं. नानानं ते परत टेबलावर ठेवलं. "धूर तुम्ही करा, नि पाणी मी घालू?"

मग आम्ही दुसऱ्या बँकेत गेलो. तिथे तोच प्रश्न विचारल्यावर साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, वर बिस्किटं. बाहेर आल्यावर नाना माझ्या कानात म्हणाला, "आठे, या बँकमा, धूर जास्त शे!"

ठरलं. होळीला मुदत संपली की सगळे पैसे काढायचे.

"आणि ठेवशील कुठे?" मी विचारलं.

"तोच इचार करी ऱ्हायनू," म्हणाला, आणि आडवा झाला.

यंदा होळीआधीच वैशाखासारखं ऊन पडलं. त्या दुपारी नाना मिरच्यांत आडवा दिसला. मला वाटलं, बघतोय आभाळ. बघू दे. मी हाक मारली नाही. पाणी घेऊन गेलो तेव्हा फार उशीर झाला होता. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले.

नानाला मागे मीच. कागद केले, सह्या केल्या. मॅनेजर हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा ठेव करून टाकू या का?"

"नको," म्हणालो. नोटा पिशवीत भरून तसाच पथारीवर गेलो. शेवटचा माल वाळत होता. नाना पडायचा तिथली जागा झाडली. सगळ्या नोटा तिथे उन्हात पसरल्या, उडू नयेत म्हणून एकेका नोटेवर एकेक मिरची ठेवली. बाया कामं सोडून आल्या. कुणी हसलं नाही.

ऊन कलल्यावर सखूमायनं पदर खोचला. "बापू, पलटाडू का?"

"पलटाड," मी म्हणालो.