बबनरावांच्या फेऱ्या

बबनरावांचं वजन एकशे सत्तेचाळीस किलो होतं, तोवर त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला कोणी आलं नाही. पिंपळे सौदागरच्या जुन्या गावात त्यांना सगळे पैलवान म्हणत. तरुणपणी चार जत्रांमध्ये कुस्त्या मारल्या होत्या, तेवढ्यावर हा माणूस पंचावन्नाव्या वर्षापर्यंत पैलवानच राहिला. मधल्या काळात शेत गेलं, शेतावर बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या, बैल जाऊन गाड्या आल्या. अंगमेहनत गेली ती गेलीच, खुराक मात्र तालमीतलाच राहिला. साखर साडेतीनशेच्या वर, झोपेत श्वास अडकायचा, वीस वर्षांत स्वतःच्या बुटाची नाडी बांधली नव्हती. पण गावाच्या लेखी गडी खात्यापित्या घरचा, धडधाकट.

ऑपरेशनचा हट्ट मोनिकाचा. ही त्यांची एकुलती एक मुलगी, हिंजवडीला एका कंपनीत कामाला. बापाचा श्वास अडकला की शेजारच्या खोलीत हिला जाग यायची, आणि पुन्हा घोरणं ऐकू येईपर्यंत ती अंथरुणात बसून राहायची. तिनंच डॉक्टर शोधले. पोटाची पिशवी कापून लहान करायची, म्हणजे भूकच कमी होते, हे तिनं महिनाभर समजावलं. बबनराव तयार झाले, पण एका अटीवर.

"गावात कुनाला कळता कामा न्हाई. पैलवानानं प्वाट कापून घेतलं म्हनल्यावर लोक फिदीफिदी हसत्याल. हर्नियाचं सांगायचं."

बायको सुभद्राबाई आणि मोनिका, दोघींनी शब्द दिला. गावाला हर्निया कळवला गेला.

डॉक्टर स्पष्ट बोलणारे निघाले. म्हणाले, "मी निम्मं काम केलंय. उरलेलं निम्मं तुमच्या पायांनी करायचं. दोन वर्षं रोज पाऊण तास चालायचं, हातापायांचे व्यायाम करायचे. चालणं सोडलंत की पोट पुन्हा जागा करून घेतं. आणि दुसऱ्यांदा हे सगळं करणं सोपं नसतं."

आता, चालणं ही काय अवघड गोष्ट आहे, असं न चालणाऱ्यालाच वाटतं. बबनरावांना ते पहिल्या दिवसापासून नकोसं झालं. मोनिका पावणेसहाला पांघरूण ओढायची. बागेतल्या ट्रॅकवर आजूबाजूनं हेडफोन लावलेली सोसायटीतली पोरं सपासप निघून जायची, आणि एकेकाळी या जमिनीचा मालक असलेला माणूस पहिल्या फेरीतच बाकडं शोधायचा. मोनिका बसू द्यायची नाही. "अण्णा, चार फेऱ्या झाल्याशिवाय चहा नाही," म्हणायची आणि बोटांवर फेऱ्या मोजायची. ते तिला शिव्या घालायचे, ती हसायची. साडेसातला तिची कंपनीची कॅब यायची, तोवर बापाला घामाघूम करून घरी आणून सोडायची.

तीन महिन्यांनी काहीतरी बदललं. एक दिवस मोनिकाला ताप होता आणि बबनराव एकटेच उठून गेले. खाली वाकले, बुटाची नाडी स्वतः बांधली, आणि तिथंच पायरीवर बसून त्यांना हुंदका आला. कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांनी सहा फेऱ्या मारल्या. मानेवरून घाम निथळताना तालमीतल्या तांबड्या मातीचा वास आल्यासारखं वाटलं. आठ महिन्यांत वजन एकशे तीनवर आलं, साखरेच्या गोळ्या बंद झाल्या, झोपेत श्वास अडकायचा थांबला. सुखाचे दिवस होते ते, आणि त्यांना ते ठाऊकही होतं.

पण गालफडं बसली होती. गळ्याखालची कातडी लोंबत होती, सदरे खुंटीला अडकवल्यासारखे दिसत होते. आणि गावाला हर्नियानं चव्वेचाळीस किलो उतरलेला माणूस माहीत नव्हता.

सुरुवात चुलतभाऊ सोपानरावांनी केली. चार शहाळी घेऊन आले, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि उठताना बबनरावांचा हात हातात घेऊन म्हणाले, "दादा, आमी काय परके न्हाई. मुंबईला दाखवायचं का? आजकाल कॅन्सरवर बी औषधं निघाल्यात." बबनराव म्हणाले, मला काही झालेलं नाही. सोपानरावांनी डोळे पुसले. काही नाही म्हटलं की आजार लपवतोय असं वाटायचं, आणि खरं कारण सांगायची सोय नव्हती, अशी पंचाईत होऊन बसली. पुढं गावातल्या एका म्हाताऱ्याच्या दशक्रियेला बबनराव घाटावर गेले, तर माणसं बाजूला सरून त्यांना खुर्ची द्यायला लागली. श्रद्धांजलीची भाषणं चालू होती आणि निम्मे लोक बोलणाऱ्याकडे न बघता बबनरावांकडे बघत होते. पुढचा नंबर कोणाचा, याचा हिशोब त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होता.

हे सगळं त्यांनी पचवलंही असतं. पण त्याच सुमाराला मोनिकाचं जमत आलं होतं. चाकणचं स्थळ, मुलगा गणराज इंजिनियर, वडील आबाजींचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. मुलगा-मुलगी दोनदा भेटली होती, एकमेकांना पसंत होती. बैठक ठरायची बाकी होती. आणि मध्यस्थ विलासराव एका दुपारी तोंड पाडून आले.

"पाव्हन्यांनी काय इचारलं न्हाई अजून," ते म्हणाले. "पन चाकणपातुर बोलनं पोचलंय. मुलीच्या बापाला मोठा आजार हाय म्हनत्यात. उद्या त्यांच्या कानावर गेलं तर? असला आजार घराण्यात असतोय, असं बी बोलत्यात लोक. तुमची तब्येत जरा भरली असती तर बरं झालं असतं बघा."

ते गेल्यावर सुभद्राबाई म्हणाल्या, "अवं, खरं सांगून टाका की. ऑपरेशन केलंय, चोरी न्हाई केली."

"आता सांगू? हर्निया म्हनून वर्स काढलं आन आता सांगू? म्हंजे प्वाट कापल्याला हसत्याल ते हसत्याल, वर खोटारडा म्हनत्याल. लेकीच्या सोयरिकीत खोटारडा बाप नगं."

सुभद्राबाईंनी कपाळाला हात लावला. या माणसाला कुस्तीत कोणी चितपट केलं नव्हतं, ते याच हट्टानं, आणि आता त्याच हट्टानं तो स्वतःवरच चढून बसला होता. बबनरावांनी मनाशी ठरवून टाकलं: लग्नापर्यंत चेहरा भरायचा. पोरगी मांडवातून गेली की पुन्हा चालायला लागू, फार तर वर्षभराचा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी मोनिकानं पांघरूण ओढलं तेव्हा ते म्हणाले, "गुडघा धरलाय." पंधरा दिवस गुडघाच धरला. मोनिकानं तेल चोळलं, डॉक्टरांकडे चला म्हणाली, चिडली, रुसली. तिला खरं कसं सांगणार? तुझ्या लग्नासाठी चालणं सोडलंय म्हटलं असतं तर तिनं लग्नच मोडलं असतं. मग तिच्या ऑफिसचं काम वाढलं, लग्नाची खरेदी निघाली, आणि पावणेसहाला त्यांना उठवायला येणं बंद झालं.

खाणंही सोपं नव्हतं. कापलेल्या पोटात एका वेळी वाटीभर मावायचं, जास्त झालं की उलटी. पण माणूस स्वतःचा घात करायचा म्हटला की डोकं फार चालतं. पातळ पदार्थ पोट अडवत नाही, हे त्यांनी हुडकून काढलं. सकाळी उसाचा रस, दुपारी आइस्क्रीम घातलेली मस्तानी, संध्याकाळी आटीव दूध, आणि खिशात पेढ्यांची पुडी. दिवसभर थोडं थोडं. चौथ्या महिन्यात गाल वर आले. संक्रांतीच्या दिवशी छातीत जळजळलं, डाव्या हाताला मुंग्या आल्या, घामानं बनियन भिजली. पित्त असेल म्हणून थंड दूध पिऊन पडून राहिले. घरात पाहुणे होते, उगाच गोंधळ नको म्हणून कोणाला बोलले नाहीत.

फेब्रुवारीत मोशीच्या एका लॉनवर लग्न झालं. हजारभर पान उठलं. फेटा बांधून बबनराव मांडवाच्या दारात उभे होते, एकशे सव्वीस किलोचे, आणि येणारा प्रत्येक माणूस पाठीवर थाप मारून म्हणत होता, "आता कसं, पैलवान वाटताय!" सोपानरावांनी तर मिठीच मारली. आजाराचं नाव कोणी काढलं नाही. मुलीला गाडीत बसवताना ते रडले, पण आतून समाधानी होते. बापानं करायचं ते केलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

लग्नानंतर ठरल्याप्रमाणे ते बागेत गेले. अर्धी फेरीही होईना. छाती भरून यायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. आज जाऊ, उद्या जाऊ करत एप्रिल गेला. मोनिकाला फोनवर मात्र ते चालणं पुन्हा सुरू झाल्याचं सांगत होते. मोजायला कोणी नव्हतं, ओढायला कोणी नव्हतं. शेवटी पावलांवर सूज आली तेव्हा सुभद्राबाईंनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. मधल्या काळात हार्ट अटॅक येऊन गेलाय, म्हणाले. हृदयाचं पंपिंग निम्म्यावर आलंय. पुन्हा ऑपरेशन करता येणार नाही, भूल झेपायची नाही. आता जोरात चालणंही नाही, घरातल्या घरात जमेल तेवढं. "इतकं छान चाललं होतं तुमचं. काय झालं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा बबनराव गोळ्यांची चिठ्ठी उचलून उठले. घरी येताना त्यांनी बायकोला बजावलं, मोनिकाला इतक्यात सांगायचं नाही.

मेअखेरीस अधिक महिना लागला होता. जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलवायचं होतं, बबनरावांनी आग्रहानं व्याह्यांनाही बोलावलं. जावयाचे पाय धुतले, टिळा लावला, ताटात पुरणाचे धोंडे आणि वाटीभर तूप. आबाजीही चांगले अंगानं भरलेले, खाली बसता येत नव्हतं म्हणून त्यांना टेबल दिलं होतं.

दोन घास झाले आणि आबाजी म्हणाले, "पाव्हनं, एक इचारायचंय. आमी बी ते प्वाट लहान करायचं ऑपरेशन करतोय पुढल्या महिन्यात. तुमचंच बगून धाडस केलंय."

बबनरावांनी घास खाली ठेवला. "तुमाला कोन बोललं?"

मोनिकानं मान खाली घातली. "मी सांगितलं होतं, अण्णा. गणराजला, पहिल्या भेटीतच. तुम्हाला शब्द दिला होता, पण ज्याच्याशी लग्न करायचं त्याच्याशी खोटं बोलून कसं चालेल? तुम्ही चिडाल म्हणून बोलले नाही."

"त्यात काय चिडायचं?" गणराज हसत म्हणाला. "आमच्या घरात तर कौतुक होतं तुमचं. लोक काहीबाही बोलायचे, आमचे वडीलच त्यांना गप्प करायचे."

"मंजे काय!" आबाजी म्हणाले. "ह्या वयात रोज पहाटं उठून चालनारा मानूस! तेच इचारायचंय. रोजच्या रोज उठायचं मनावर कसं घेत व्हता? कंटाळा न्हाई का येत?"

सुभद्राबाई तुपाची वाटी हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांना रडू फुटलं होतं आणि ते कोणालाच कळत नव्हतं. बबनरावांना एका क्षणात सगळं लख्ख दिसलं. कोणीच काही विचारणार नव्हतं. दहा महिने ते ज्यांच्यासाठी चेहरा भरत होते, त्या माणसांना त्यांचा बसका चेहराच आवडला होता. ओरडावंसं वाटलं, पण मोनिका समोर होती. ओरडले असते तर सगळं तिच्या माथ्यावर गेलं असतं, आणि ती जन्मभर तेच मोजत बसली असती.

"कंटाळा येतोय," ते म्हणाले. "पन लेक उठवत व्हती. तुमाला बी कुनीतरी उठवनारं पायजे. ऑपरेशन करा, पाव्हनं. पन चाकणात सगळ्यांना सांगून करा. दवंडी पिटून करा."

"आन तुमी आता किती फेऱ्या मारताय?"

बबनरावांनी मुलीकडे पाहिलं. ती कौतुकानं उत्तराची वाट बघत होती.

"चार," ते म्हणाले, आणि जावयाला अजून एक धोंडा वाढायला सांगितला.